कागद मुदतीचा, काम कायमचे



आपल्या वरव्याहून सकाळच्या पाळीला निघणारी मुले महामार्गावर दोन दिशांना पांगतात. काही खेड शिवापूरकडे जातात, तर काही नीरा ओलांडून शिरवळकडे. ‘नोकरी कशी आहे?’ असे विचारले की त्यांतल्या अनेकांचे उत्तर ठरलेले असते, ‘आहे फादर, कॉन्ट्रॅक्टवर.’ पहिला करार सहा महिन्यांचा असतो. नंतर थोडे दिवस ब्रेक, मग पुन्हा सहा महिने, पुन्हा ब्रेक. मशीन तेच, लाइन तीच, सुपरवायझरही तोच. फक्त कागद नवा. अशी पाच-सात वर्षे जातात. तोवर लग्न झालेले असते, पतपेढीचे कर्ज डोक्यावर असते, मूल शाळेत जाऊ लागते. आणि एक दिवस गेटवरच सांगितले जाते, ‘तुझी ऑर्डर संपली, आता नवीन नाही.’

अशा वेळी दोन टोकांचे सल्ले मिळतात. कोणी म्हणतो, ‘मुदतीवर सही केलीस ना? मग हक्क कसला?’ दुसरा म्हणतो, ‘२४० दिवस भरले की माणूस आपोआप पर्मनंट.’ हे दोन्ही सल्ले अर्धवट आहेत आणि अर्धवट माहितीने गरिबाचे नुकसानच होते. म्हणून आजच्या पाठात हा विषय क्रमाने समजून घेऊ.

१. आधी शब्द वेगळे करू

आपण सगळ्यांनाच ‘कंत्राटी’ म्हणतो, पण कायद्याच्या दृष्टीने त्यात तीन वेगळे प्रकार आहेत.

पहिला प्रकार तात्पुरत्या, रोजंदारी किंवा बदली कामगाराचा. त्याला कंपनीनेच घेतलेले असते, पण कायम केलेले नसते.

दुसरा प्रकार मुदतीच्या करारावरच्या कामगाराचा. कंपनी आणि कामगार यांच्यात थेट लेखी करार असतो आणि त्यावर सुरुवातीची व शेवटची तारीख असते.

तिसरा प्रकार ठेकेदाराच्या कामगाराचा. काम कंपनीच्या आवारात चालते, पण हजेरी आणि पगार ठेकेदाराकडे असतो.

तुमचा दावा कोणाविरुद्ध आणि कशासाठी हे यावरून ठरते. म्हणून पहिला प्रश्न हा की पगाराच्या स्लिपवर नाव कोणाचे आहे? अनेकांना ते सांगता येत नाही. आज घरी गेल्यावर स्लिप काढून पाहा.

२. पाचगाव पर्वतीचे मजूर

पुण्याला जाताना शहराच्या दक्षिणेला तळजाई-पाचगाव पर्वतीचा डोंगर लागतो. आज तिथे लोक सकाळी फिरायला जातात. त्या डोंगरावर झाडी वाढवून उद्यान करण्याची योजना वनखात्याने १९७६ साली हाती घेतली. खड्डे खणणे, रोपे लावणे, पाणी घालणे, राखण करणे ही कामे रोजंदारीच्या मजुरांनी केली. पाच-सहा वर्षे काम करूनही ते कागदावर ‘तात्पुरते’च राहिले.

त्यांतले २५ जण पुण्याच्या औद्योगिक न्यायालयात गेले. तेव्हाच्या अहमदनगरमधून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमधून, आणखी १५ जण तिथल्या न्यायालयात गेले. त्यांचा आधार होता महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा. कामगार संघटनांना मान्यता देणे आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालणे यासाठी तो केलेला आहे. त्याच्या चौथ्या अनुसूचीतल्या सहाव्या कलमाचा आशय असा : कामगारांना कायम कामगाराचा दर्जा व फायदे मिळू नयेत या हेतूने त्यांना वर्षानुवर्षे बदली, हंगामी किंवा तात्पुरते म्हणून ठेवणे ही अनुचित प्रथा आहे.

या वाक्याचे दोन भाग नीट ध्यानात घ्या. वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवणे हा एक भाग आणि त्यामागचा हेतू हा दुसरा. पहिला भाग हजेरीवरून दाखवता येतो. पण मालकाच्या मनातला हेतू मजुराने कसा सिद्ध करायचा? सरकारचा युक्तिवाद हाच होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये निकाल देताना तो मान्य केला नाही. मजुराला पेलणार नाही असे ओझे त्याच्यावर टाकले, तर कायद्याचा उद्देशच फसेल, असे न्यायालयाचे म्हणणे होते. माणसांना वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवले असेल, तर त्या वस्तुस्थितीवरूनच हेतूचे अनुमान काढता येते. कायम केले असते तर किमान वेतनापेक्षा जास्त पगार द्यावा लागला असता, हे कारणही न्यायालयाने नोंदवले. मजुरांना कायम करण्याचा आदेश टिकला.

या निकालाचा धडा असा की कागदावर काय लिहिले आहे एवढेच न्यायालय पाहत नाही. काम कसले होते, किती वर्षे चालले आणि कायम न केल्याने कोणाचा फायदा झाला, हेही ते पाहते.

३. २४० दिवसांचा खरा अर्थ

हा आकडा सर्वांच्या तोंडी आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार, मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम झाले असेल तर एक वर्षाची अखंड सेवा धरली जात असे. अशा कामगाराला कपातीत काढताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून देणे बंधनकारक होते. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही हेच माप आहे. पगारी सुट्ट्या आणि रविवार यात धरायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितले आहे.

म्हणजे २४० दिवसांमुळे नोटीस आणि भरपाईचा हक्क मिळतो. कायम होण्याचा हक्क निराळा. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांत मात्र तशी स्पष्ट तरतूद होती. हंगामी नसलेल्या कारखान्यात बारा महिन्यांत २४० दिवस काम झालेल्या बदली किंवा तात्पुरत्या कामगाराला लेखी आदेशाने कायम करायचे, असे त्यात म्हटले होते. ब्रेक देण्याची पद्धत कशासाठी, हे यावरून कळते. दिवस २४० पर्यंत पोहोचूच नयेत यासाठी!

दुसरी बाजूही माहीत हवी. १९८४ साली १९४७ च्या कायद्यात दुरुस्ती झाली. ठरलेली मुदत संपल्यामुळे करार पुढे चालू ठेवला नाही, तर ती कपात मानली जाणार नाही, असे त्यात आले. त्यामुळे खऱ्याखुऱ्या मुदतीच्या कामात, उदाहरणार्थ एखादा पूल बांधून होईपर्यंतच्या नेमणुकीत, मुदत संपल्यावर भरपाई मागता येत नाही. यात अन्यायही नाही. प्रश्न उभा राहतो तो कायम चालणाऱ्या कामाला मुदतीचा मुखवटा घातला जातो तेव्हा.

४. सरकारी नोकरीचे काय?

ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, एसटी, सरकारी दवाखाने अशा ठिकाणीही आपली माणसे आहेत. तिथे १० एप्रिल २००६ चा ‘उमादेवी’ निकाल आडवा येतो. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितले की सार्वजनिक नोकरी सर्वांना समान संधी देऊन, नियमाप्रमाणे भरली पाहिजे. केवळ बरीच वर्षे काम केले म्हणून मागच्या दाराने आलेल्याला कायम होण्याचा हक्क नाही. मंजूर पदांवर दहा वर्षे किंवा अधिक काळ काम केलेल्यांसाठी मात्र एक वेळची सवलत ठेवली गेली.

या निकालामागचा विचार चुकीचा म्हणता येत नाही. दारात रांगेत उभा असलेला, कोणाची ओळख नसलेला मुलगाही न्यायाला पात्र आहे. पण पुढे हाच निकाल प्रत्येक गरीब कामगाराच्या तोंडावर फेकला जाऊ लागला. तेव्हा न्यायालयालाच त्याची मर्यादा सांगावी लागली. एसटीच्या आगारांत रात्री गाड्या धुणाऱ्या कामगारांच्या प्रकरणात २८ ऑगस्ट २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने औद्योगिक न्यायालयाला दिलेला अधिकार उमादेवी निकालाने काढून घेतलेला नाही. मालकाने अनुचित प्रथा केली असेल आणि पदे अस्तित्वात असतील, तर कायम करण्याचा आदेश देता येतो.

२० डिसेंबर २०२४ रोजी ‘जग्गो’ प्रकरणात, केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे झाडलोट व बागकाम करणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने सेवेत कायम करायला लावले. कायमस्वरूपी गरजेची कामे तात्पुरत्या नावाखाली करून घेण्यावर त्या निकालात कडक टीका आहे. १९ ऑगस्ट २०२५ च्या ‘धरम सिंह’ निकालातही सूर तोच आहे. सरकार हे आदर्श मालक असले पाहिजे, पैशाची चणचण सांगून ते वर्षानुवर्षे जबाबदारी टाळू शकत नाही.

५. नवीन संहिता काय सांगते?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा आता औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. जुन्या कायद्याखाली चालू असलेले दावे त्यामुळे आपोआप संपत नाहीत.

नव्या संहितेने मुदतीच्या नोकरीला उघड मान्यता दिली आहे आणि मुदत पूर्ण होणे ही कपात मानलेली नाही. स्थायी आदेशांचा भाग ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरताच ठेवला आहे. महाराष्ट्रात पूर्वी ही मर्यादा ५० होती. छोट्या कारखान्यातल्या कामगाराचे यात नुकसान आहे, हे स्पष्ट बोलले पाहिजे.

कामगाराच्या पदरात पडणाऱ्या गोष्टीही आहेत :

• मुदतीच्या कामगाराला तेच किंवा तशाच प्रकारचे काम करणाऱ्या कायम कामगारापेक्षा कमी पगार, भत्ते किंवा सवलती देता येत नाहीत.
• कायद्याने मिळणारे लाभ त्याला सेवेच्या प्रमाणात मिळतात.
• ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे थांबावे लागत नाही. मुदतीच्या करारावर एक वर्ष सेवा झाली की हक्क लागू होतो. हिशेब सोपा आहे. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,६०० रुपये असतील, तर २६ ने भागून दिवसाचे ६०० रुपये येतात. त्याला १५ ने गुणले की एका वर्षाचे ९,००० रुपये होतात.
• प्रत्येक कामगाराला लेखी नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे.
• कामावरून काढल्यास किंवा राजीनामा दिल्यास देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते केले पाहिजे.

आणि महत्त्वाचे म्हणजे, कायमपणाचे फायदे मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरते ठेवणे ही या संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही अनुचित प्रथाच आहे. पाचगाव पर्वतीच्या मजुरांनी ज्या तत्त्वावर न्याय मिळवला, ते तत्त्व जिवंत आहे.

६. ‘पण सही तर तूच केलीस ना?’

आता या प्रश्नाच्या मुळाशी जाऊ. ॲरिस्टॉटलने एक उदाहरण दिले आहे. समुद्रात वादळ उठते आणि जहाजाचा कप्तान आपला माल स्वतःच्या हाताने पाण्यात टाकतो. त्याने ते स्वेच्छेने केले का? हात त्याचेच होते, निर्णयही त्याचाच होता. पण शांत समुद्रात कोणताही शहाणा माणूस आपला माल फेकत नाही. म्हणून केवळ ‘त्याने केले’ एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या वादळात केले, हेही विचारावे लागते.

घरात आजारी आई, हप्ता थकलेला आणि गेटबाहेर तेच काम मागणारे पन्नास जण, अशा वेळी सातव्यांदा सहा महिन्यांच्या कागदावर सही करणारा माणूस त्या कप्तानासारखाच आहे. सही त्याची, वादळ मात्र त्याचे नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९८६ मध्ये एका सार्वजनिक कंपनीच्या प्रकरणात मान्य केले की दोन पक्षांच्या ताकदीत मोठी तफावत असताना दुर्बळाच्या गळ्यात मारलेली अन्यायकारक अट बंधनकारक ठरत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवणही हेच सांगत आली आहे. पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रात शिकवले की गरजेपोटी किंवा भीतीपोटी कामगाराने कठोर अटी स्वीकारल्या, तर तो करार झाला म्हणून न्याय्य होत नाही. २०२५ साली निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हे नाव घेताना याच परिपत्राची आठवण काढली. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये ‘अप्रत्यक्ष मालक’ हा विचार मांडला. पगार देणारा एकटाच जबाबदार नसतो. कामाच्या अटी ज्यांच्या धोरणांमुळे ठरतात, त्या सर्वांच्या वाट्याला ती जबाबदारी येते. ठेकेदाराकडे बोट दाखवून हात झटकणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावे. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी देण्याची आज्ञा आहे, कारण त्याचा जीव तिच्यावर अवलंबून असतो.

ही शिकवण फक्त कंपन्यांसाठी नाही. आपल्यापैकी कोणी दुकान चालवतो, कोणी ठेका घेतो, कोणाच्या घरी वर्षानुवर्षे कामाला येणारी बाई आहे. चर्चच्या शाळा आणि दवाखानेही आहेत. न्यायाचे माप सगळीकडे एकच हवे.

७. प्रत्येकाने करायच्या गोष्टी

२४० दिवस काम झाले हे आधी कामगारानेच दाखवायचे असते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या एका निकालात सांगितले आणि नुसते प्रतिज्ञापत्र पुरेसे मानले नाही. म्हणजे हक्क असूनही कागदाअभावी तो हातचा जातो. म्हणून :

१. प्रत्येक ऑर्डर, पगार स्लिप, गेटपास, ईएसआय कार्ड यांची प्रत घरी ठेवा. मोबाइलमध्ये फोटो काढून घरातल्या दुसऱ्या माणसालाही पाठवा.

२. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक आपल्याजवळ ठेवा आणि पासबुक पाहत जा. कोणत्या महिन्यात कोणी पैसे भरले, हे त्यात दिसते. तोच तुमच्या वर्षांचा साक्षीदार.

३. एका वहीत कामाचे दिवस, पाळी, मशीन आणि ब्रेकच्या तारखा लिहा. ब्रेकच्या काळात त्याच मशीनवर दुसऱ्याला उभे केले असेल, तर तेही लिहा. काम कायमचे होते, हे त्यावरून दिसते.

४. कोऱ्या कागदावर, तारीख नसलेल्या राजीनाम्यावर किंवा न वाचलेल्या ‘फुल अँड फायनल’वर सही करू नका. राजीनामा दिला की कपातीचा दावाच कमकुवत होतो.

५. उशीर करू नका. अनुचित प्रथेच्या तक्रारीला १९७१ च्या कायद्यात ९० दिवसांची मुदत घातलेली आहे. नव्या संहितेत वाद निर्माण झाल्यापासून दोन वर्षांनंतर समेट अधिकारी तो हाती घेऊ शकत नाही. काम गेले की त्याच आठवड्यात हालचाल करा.

६. एकट्याने जाऊ नका. पाचगाव पर्वतीचे २५ जण एकत्र गेले होते, हे विसरू नका.

७. ‘वकिलाला पैसे कुठून आणू?’ असे म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार औद्योगिक कामगाराला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही तो आहे. त्यासाठी पुण्यातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. समेटासाठी पुण्यात कामगार आयुक्तांचे कार्यालय आहे.

देखरेखीचे काम करणाऱ्या आणि महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणाऱ्यांना नवी संहिता ‘कामगार’ मानत नाही. खासगी शाळांतल्या शिक्षकांसाठी महाराष्ट्राचा १९७७ चा वेगळा कायदा आहे. अशांनी आपला मार्ग आधी विचारून घ्यावा.

८. घरी किंवा गटात चर्चेसाठी

• आपल्या घरातल्या कमावत्या माणसाची नोकरी वरच्या तिन्हींपैकी कोणत्या प्रकारची आहे? त्याची कागदपत्रे कुठे ठेवली आहेत?
• खरोखर मुदतीचे काम आणि मुदतीचा मुखवटा घातलेले काम यांत फरक कसा ओळखाल? आपल्या परिसरातली उदाहरणे घ्या.
• आपण स्वतः कोणाला कामावर ठेवले आहे का? त्याची वर्षे आपण मोजतो का?

१९५५ साली पोप पायस बारावे यांनी १ मे हा दिवस कामगार संत योसेफाचा सण म्हणून दिला. नाझरेथच्या त्या सुताराला आपण घराघरांत मान देतो. तोच मान आपल्या शेजारी उभ्या असलेल्या, दर सहा महिन्यांनी नव्या कागदाची वाट पाहणाऱ्या माणसालाही द्यायला हवा. त्याने दिलेली वर्षे खरी आहेत आणि ती मोजून मागण्यात लाजण्यासारखे काही नाही. आपले कागद नीट लावायला ज्यांना मदत हवी असेल, त्यांनी रविवारच्या मिस्सानंतर ते घेऊन भेटावे. आपण बसून तारखा लावू.

प्रभू आपल्या कष्टांना आशीर्वाद देवो.

— आपला धर्मगुरू